तिसऱ्या तळ्याचं पाणी

प्रिय शाझली,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे ठीक आहेत, म्हणजे तुझी वहिनी सनिया ठीक आहे आणि गाढवीही ठीक आहे. माझं पुढे सांगतो. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? मी नुसतं 'अरे' म्हटलं की तू 'अल्ला तुला बरं करो' म्हणून मोकळा होतोस. मशिदीत शेख झाल्यापासून तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, आणि मला या वेळी उत्तर नको आहे, आधी सगळं ऐकून घेणारा माणूस हवा आहे. पत्राला मध्ये तोडता येत नाही. म्हणून पंपघराच्या जुन्या नोंदवहीतली कोरी पानं फाडून लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस. सत्तावीस वर्षं या हातानं 'व्हॉल्व्ह उघडला' आणि 'व्हॉल्व्ह बंद केला' याच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही.

आमच्या सांडपाण्यावरच्या जंगलाची बातमी आधी देतो, ती सांगायला सोपी आहे. पाणी बंद होणार. पलीकडे वाळवंटात नवं शहर उठतंय, तिथल्या रस्त्यांच्या कडेला हिरवळ लावायची आहे, आणि आपल्या सगळ्या गावांचं सांडपाणी शुद्ध होऊन यापुढे तिकडे जाणार. थंडी सुरू झाली की मुख्य व्हॉल्व्ह फिरवायचा, असा कागद आलाय. पूर्वेकडच्या महोगनीच्या ओळी तर उन्हाळ्यापासूनच कोरड्या ठेवल्यात. मी रोज सकाळी काठी टेकत तिकडे जातो आणि ठिबकच्या नळ्यांना कान लावून बसतो, वेड्यासारखा. महोगनी आधी शेंड्याची पानं टाकते, मग एकेक फांदी सोडते, घाई करत नाही. सुरूची झाडं अजून वर्षभर तग धरतील. या झाडांना आपणच वाळूत जन्माला घातलं, रोज ठरल्या वेळी पाजलं, मुळं खोल न्यायची गरजच कधी पडू दिली नाही. आता म्हणायचं, जा, आपलं आपण बघा. इंजिनिअर विस्सा जिवंत असते तर मुख्य व्हॉल्व्हवर जाऊन मांडी घालून बसले असते. त्यांनीच मला या कामाला लावलं, त्यांनीच शिकवलं की पहिल्या तळ्यात घाण बसते, दुसऱ्यात पंख्यांनी हवा सोडतात, आणि तिसऱ्यातलं पाणी झाडांना जातं. एक नियम त्यांनी भिंतीवर रंगवून घेतला होता: इथे लाकूड पिकवायचं, तोंडात जाईल असं काहीही लावायचं नाही. कुणीतरी वळणावर लिंबाचं रोप लावलं होतं तर त्यांनी ते स्वतः उपटलं.

बाबांना मात्र ही बातमी ऐकून आनंद झाला असता. मी नोकरीला लागलो तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, तुला त्यांचे टोमणे पाठ असतील. जन्मभर नाईलच्या गाळात पाय रोवून शेती केलेला माणूस तो. मी घरी आलो की ओट्यावरूनच ओरडायचे, "आला का गटाराचा माळी! कपडे तिकडेच सोड, आंघोळ कर आणि मग उंबरा ओलांड." गावात जुलाबाची साथ आली त्या वर्षी शेजाऱ्यांसमोर म्हणाले होते, "आमच्या बखीतच्या झाडांची यंदा चंगळ आहे." मी सुरूच्या वाळक्या काटक्या आणून दिल्या, तर त्या सरपणावर भाजलेल्या सगळ्या भाकरी त्यांनी गाढवीपुढे टाकल्या. गाढवीनं आनंदानं खाल्ल्या, तिला कुणी धर्म शिकवला नव्हता. तुझं कैरोतलं शिक्षण त्याच पाण्यावर होत होतं, हे मी एकदा तोंडावर बोललो. त्यावर म्हणाले, "पैसा हातून हाती फिरतो, त्याला वास राहत नाही. तुला राहतो." मी चिडलो नाही म्हणशील तर खोटं. खूप चिडलो होतो. आणि तरीही दर वेळी आंघोळ करूनच आत गेलो.

मग ते पडले, खुबा मोडला, आणि गावातल्या घरात त्यांचं करणारं कुणी उरलं नाही. सनिया जाऊन त्यांना आमच्या वसाहतीत घेऊन आली. नऊ घरं, चहूकडे वाळू, आणि मागे ते जंगल. बाबांनी खाट जंगलाकडे पाठ करून लावायला सांगितली. टँकरचं पाणी त्यांना चालत नसे, कुठून भरतात कुणास ठाऊक म्हणायचे. मी मोटरसायकलवरून रोज चौदा किलोमीटर जाऊन नाईलच्या कालव्याचं पाणी आणायचो, फक्त त्यांच्यासाठी, वेगळ्या मडक्यात. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांनी माझा हात हातात घेतल्याचं मला तेवढंच एकदा आठवतं. म्हणाले, "बखीत, मी गेलो की मला नाईलच्या पाण्यानं धुवायचं. तुझ्या त्या तळ्यांतला एक थेंब माझ्या अंगाला लागता कामा नये. शब्द दे." मी शब्द दिला. हे तुला माहीत आहे, कारण तेव्हा तू सुट्टीला आला होतास आणि दारात उभा होतास.

आता माझ्याबद्दल. यकृत संपलं, असं डॉक्टर म्हणाली. तरुण पोरगी आहे, सांगताना तिनंच मान खाली घातली, मलाच तिला समजवावं लागलं. पोटात पाणी भरतं, दर आठवड्याला सुई घालून काढतात. बघ गंमत, जन्मभर पाणी सोडायचं आणि अडवायचं काम केलं, आणि आता स्वतःचंच पाणी अडवता येत नाही. मी थंडी बघेन असं ती म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. सनियाला सगळं कळलंय, पण ती मला रोज मुलुखियाची भाजी करून वाढते आणि माझ्याशी गाढवीबद्दल भांडते. तू रडत बसू नकोस. तुला यातलं अर्धं ठाऊक आहेच, म्हणून तर गेल्या महिन्यात फोनवर म्हणालास, "भाऊ, वेळ आली की मीच येईन. बाबांना धुतलं तसं तुलाही मीच धुईन, याच हातांनी, नाईलच्याच पाण्यानं." तू प्रेमानं बोललास. मी फोन ठेवला, आणि तेव्हाच कळलं की हे पत्र लिहावं लागणार.

त्यात भर म्हणजे तुझं ते प्रवचन. कहवाखान्यात पोरांनी फोनवर लावलं होतं. अलेक्झांड्रियातली तुझी मशीद, खच्चून भरलेली, आणि तू सांगतो आहेस. वडिलांना धुवायला घेतलं, कापूर शेवटच्या पाण्यात घालायचा असतो म्हणून अजून घातलाही नव्हता, आणि पहिला तांब्या ओतताच खोलीभर सुगंध पसरला. असा सुगंध मी पुन्हा कधी घेतला नाही, तू म्हणालास, आणि तेव्हाच मला कळलं की माझ्या वडिलांना अल्लानं स्वीकारलं. मागे बसलेली माणसं रडत होती. त्यानंतर तू माझ्याबद्दल सांगितलंस: भर ऑगस्टच्या उन्हात माझा भाऊ चालत गेला आणि बापाला दिलेल्या शब्दासाठी नाईलचं पाणी खांद्यावरून घेऊन आला. कहवाखान्यातली पोरं उठली, शाझली, आणि त्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मालकानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटलं, विनय.

तो दिवस तुला जसा आठवतो तसा तू सांगतोस. आता मला आठवतो तसा ऐक. वीज जाऊन तिसरा दिवस होता. वीज नाही म्हणून टँकर भरत नव्हता, आणि नऊ घरांत मिळून पोरांपुरतं प्यायचं पाणी उरलं होतं. पहाटे बाबा गेले. कालव्याचं मडकं रात्रीच संपलं होतं, शेवटचा घोट तूच त्यांना पाजलास. विस्सासाहेब वसाहतीची एकुलती गाडी घेऊन सुटे भाग आणायला शहरात गेले होते. ऊन वर चढलं. अशा उन्हात माणसाला किती वेळ ठेवणार? तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालास, अगदी हळू, कारण तू बावीस वर्षांचा होतास आणि मला घाबरायचास, "भाऊ, पाणी नसलं तर स्वच्छ मातीवर हात टेकवून त्यांच्या तोंडावरून, हातांवरून फिरवला तरी चालतं. धर्मात सवलत आहे, मी शिकलोय." मी काय उत्तर दिलं, आठवतं? सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असा ओरडलो, "माझा बाप वाळवंटात बेवारस मेलेला नाही! कालव्याचं पाणी आणतो." आणि दोन कॅन मोटरसायकलला बांधून निघालो. तुझी सवलत बरोबर होती. सोपी होती, आणि तुझ्या ओठांवर होती. मला ती घ्यायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

सहाव्या किलोमीटरला बाभळीचा काटा चाकात गेला. मी मोटरसायकल तिथेच टाकली आणि चालू लागलो, इथवर तुझी गोष्ट खरी आहे. थोडा चाललो. मग हिशेब केला. कालवा अजून आठ किलोमीटर, परत येताना भरलेले कॅन, चौदा किलोमीटर. सूर्य मावळला असता. आणि मागे वळून पाहिलं तर आमचं जंगल दिसत होतं, हिरवं, आणि त्याच्या अलीकडे तिसरं तळं चमकत होतं. मी स्वतःला समजावलं की या पाण्याशी मी आठ वर्षं राहिलोय, मला ते माझ्या तळहातासारखं माहीत आहे, बाबांनाच ते कधी कळलं नाही. गर्व होता त्यात, शाझली. बापाला एकदा तरी दाखवायचं होतं की माझं पाणी वाईट नाही. माघारी फिरून तळ्यावर पोचलो आणि गुडघ्यावर बसलो तेव्हा वास आला. वीज नाही म्हणजे हवा सोडणारे पंखेही तीन दिवस बंद होते, हे मला ठाऊक नव्हतं का? मीच तर त्याची नोंद केली होती. पाणी राखाडी होतं. वास नासक्या अंड्यांचा होता. मी कॅन भरले.

घराच्या मागे चूल पेटवून ते पाणी मी आधी डोक्याच्या फडक्यातून गाळलं, मग उकळलं. वास थोडा कमी झाला, गेला नाही. म्हणून जंगलातल्या निलगिरीच्या फांद्या तोडून आणल्या, पाला चुरगळून पातेल्यात कोंबला, पुन्हा उकळलं, पुन्हा गाळलं. सनियानं विचारलं, "हे काय करताय?" मी म्हटलं, "बोरीचा पाला नाही मिळाला, त्याऐवजी." मयताच्या पाण्यात बोरीचा पाला घालायची रीत आहे, म्हणून तिला ते पटलं. तुझं नाक रडून रडून चोंदलं होतं. त्यातून जे तुझ्यापर्यंत पोचलं ते तेवढंच, गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या झाडांचा वास. कॅन दारात ठेवताना तू विचारलंस, "कालव्याचं?" आणि मी मान हलवली. मग मी आत आलो नाही. तुला वाटलं मला बघवत नाही. खरं तर मी चुलीवर वाळू लोटत होतो, उरलेला पाला पुरत होतो.

आणि पुढचं तुला ठाऊक आहे, फक्त तू कधी जोडून पाहिलं नाहीस. तुझं बाबांना धुऊन झालं, कफन बांधून झालं, आणि विस्सासाहेबांची गाडी आली. मागे दोन पिंपं होती, शहरातल्या नळाच्या स्वच्छ पाण्याची. शहरातच कुणीतरी त्यांना बातमी दिली होती. एक तास, शाझली. मी एक तास हातावर हात ठेवून बसलो असतो तर! त्याच गाडीतून आपण बाबांना नेलं, आणि ते पाणी थडग्यावर शिंपडलं. विस्सासाहेबांनी तुझ्याकडून कालव्याच्या पाण्याची गोष्ट ऐकली, मग माझ्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं. त्यांचं नाक तळ्यांवर तयार झालेलं होतं. ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंत नाही. ख्रिस्ती माणूस, आमच्यात पडायला नको असं त्यांना वाटलं असेल.

एकोणीस वर्षं मी हे तोंडात धरून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मशिदीत, दुसऱ्याच कुणाचा प्रश्न असल्यासारखं, म्हाताऱ्या शेखना विचारलं होतं, सांडपाणी शुद्ध केलं तर ते चालतं का. ते म्हणाले, रंग, वास आणि चव तिन्ही गेली तर पाणी पाणीच असतं. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन मी पोरांना उसाचा रस पाजला. रात्री मात्र कळलं की वास गेला नव्हता, मी तो लपवला होता. तू दर ईदला येऊन बाबांच्या थडग्याशी पठण करायचास आणि मी तुझ्या मागे उभा राहून मनात म्हणायचो, बाबा, याला काही सांगू नका. तुला सुगंध लाभला होता. तोच धरून तू माणूस झालास, शेख झालास, लोकांना धीर देऊ लागलास. तो तुझ्याकडून काढून घ्यायचा मला काय अधिकार? आजही नसेल. हे वाचून तू माझा तिरस्कार केलास तर मी तुला दोष देणार नाही. पण माझ्या हाताचं चुंबन घेणारी ती पोरं मला सहन होत नाहीत, आणि नाईलच्या पाण्यानं मला धुवायचं तुझं वचन तर मुळीच सहन होत नाही. बाबांना दिलेला शब्द मोडून मी स्वतः त्या पाण्यात स्वच्छ होऊन जायचं, हे मला जमणार नाही.

म्हणून हे पत्र. परवा तिसरं तळं फार दिवसांनी अगदी नितळ होतं, तळाची वाळू दिसत होती, वास नव्हता. पुढच्या महिन्यात ते आटेल. मी दोन कॅन भरले, तेच दोन, आणि पंपघराच्या सावलीत ठेवलेत. सनियाला सांगितलंय की ते माझे आहेत, हलवायचे नाहीत. तू ये, शाझली. मला तू धू, आणि त्या पाण्यानं धू. बाबांना ज्या पाण्यातून पाठवलं त्याच पाण्यातून मलाही जाऊ दे. जन्नतच्या दारावर त्यांना कुणी अडवून ठेवलं असेल तर मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहीन, ते मला काय बोलायचं ते बोलतील, मी ऐकून घेईन. तुझ्या हातांना हे जमलं नाही तर आता वसाहतीत नळ आला आहे, तो सोड, कुणाला कळणारही नाही आणि मी उठून विचारणार नाही. पण जमलं, तर पाणी आहे तसंच ओत, त्यात पाला घालू नकोस, कापूरही घालू नकोस.

तुझाच,
गटाराचा माळी,
बखीत